६३ फोटो आणि टाकीची नोटीस

जोशी काकू ए-१०२, सकाळी ७:१२
सावंत, आज पाणी नाही हे कुणी सांगणार होतं का? नळ नुसता फुसफुसतोय. कालच्या गुळपोळ्यांची भांडी तशीच पडलीत, तव्याला गूळ चिकटून बसलाय.

सावंत सेक्रेटरी, ७:१५
काकू नमस्कार. काल रात्री ९:३८ ला नोटीस टाकली आहे. वरची टाकी धुणार, सकाळी ७ ते १ पाणी बंद. कृपया वर पाहावे.

जोशी काकू ए-१०२, ७:२१
वर पाहिलं. वर मोहरीचं शेत आहे. त्याच्या वर धुकं. धुक्याच्या वर परत मोहरी. चष्मा लावून मोजले, कुलकर्ण्यांच्या प्रवासाचे ६३ फोटो. अंगठा दुखायला लागला, नोटीस काही सापडली नाही.

स्नेहा ए-३०५, ७:२३
😂 काकू, ६३ पैकी ४१ मध्ये नुसतं पांढरं आहे. मला वाटलं कुलकर्णी काका कापूस पिंजतायत.

फडके आजोबा सी-१०१, ७:२४
(फोटो: गुलाबाचे फूल, शुभ सकाळ)

जोशी काकू ए-१०२, ७:२५
घ्या. अजून एक.

पाटील बी-२०१, ७:३०
सर्वांना विनंती 🙏 प्रवासात असताना लाईव्ह फोटो टाकू नका. घर बंद आहे हे सगळ्या जगाला कळते. घरी परत आल्यावर टाका. ग्रुपवर पेपरवाला आहे, टँकरवाला आहे, गेल्या वर्षीचा पेंटरसुद्धा अजून आहे.

सावंत सेक्रेटरी, ७:३१
पेंटरला काढतो.

अनिल कुलकर्णी बी-६०३, ७:४४
सर्वांना पानिपतहून सुप्रभात. जोशी वहिनी, मनापासून क्षमस्व. पण काल १४ जानेवारी होती हो! आम्ही मुद्दाम तसा हिशोब करून निघालो होतो. महेश्वर, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करत बरोबर काल दुपारी काला आंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकापाशी. शहरापासून ८ किमी. विटांचा स्तंभ, भोवती कठडा. महाराष्ट्रातून माणसं आली होती, हरियाणातले रोड मराठाही, पानिपतनंतर तिकडेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज म्हणवतात ते. एक म्हातारे पगडीवाले हिला म्हणाले, हम भी आप ही के हैं. ही रडायला लागली. अशा वेळी फोटो मोजून काढायचे का?

स्नेहा ए-३०५, ७:४६
काढा हो काका. पाठवताना मोजा.

फडके आजोबा सी-१०१, ७:५२
१४ जानेवारी १७६१ रोजी बुधवार होता. कालही बुधवारच होता. मात्र 'संक्रांतीच्या दिवशी पानिपत झाले' हे चूक आहे. संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. त्या साली ती चार दिवस आधीच होऊन गेली होती.

अनिल कुलकर्णी बी-६०३, ७:५३
आजोबा, हे ठाऊक नव्हतं. तिथे तर सगळे संक्रांतच म्हणत होते.

जोशी काकू ए-१०२, ७:५५
आज किंक्रांत आहे आणि माझ्या घरी तांब्याभर पाणी आहे. एवढंच मला ठाऊक आहे.

रोहित सी-४०१, ८:०२
काका, फोटोंबद्दल बोलू का? राग मानू नका.

अनिल कुलकर्णी बी-६०३, ८:०२
बोल रे. तूच तर तो कॅमेरा घ्यायला लावलास.

रोहित सी-४०१, ८:०९
धुकं करडं आलंय, मळक्या धोतरासारखं. कॅमेऱ्याला सगळं मधल्या करड्या रंगाचं करायची खोड असते. समोर नुसतं पांढरं आलं की तो घाबरून फोटो काळवंडवतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +१ करा. पुढे कुठे बर्फ लागला तर +१.५ सुद्धा चालेल.
दुसरं, धुक्यात लांबचं काढू नका. जवळचं एक झाड, एक सायकलवाला, चहाची किटली असं काही पुढे घ्या, मागे धुकं आपोआप छान दिसतं. फोकसही त्या झाडाच्या बुंध्यावर धरा, नाहीतर लेन्स नुसती पुढेमागे करत बसते.
तिसरं, काचेतून काढलेल्या प्रत्येक फोटोत फास्टॅगचा स्टिकर आलाय. २२ फोटोंत तोच एक विषय आहे.

स्नेहा ए-३०५, ८:१०
त्या स्टिकरचं वेगळं प्रदर्शन भरवू गणपतीत.

अनिल कुलकर्णी बी-६०३, ८:१४
आणि ते अंधुक येतात ते? वहिनींनी कालपासून लेन्स पदराने पुसली तरी तेच. (वहिनी म्हणजे आमची ही. तुमच्या दृष्टीने.)

रोहित सी-४०१, ८:१७
काका, तुम्ही हीटर लावून बसता. बाहेर जाऊन फोटो काढता, गार झालेला कॅमेरा परत उबदार गाडीत आणता. लेन्सवर बाष्प धरतं, फ्रीजमधून काढलेल्या ताकाच्या ग्लासाला धरतं तसं. पुसून उपयोग नाही. आत येण्याआधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, मग आत घ्या. अर्ध्या तासाने पिशवी उघडा. आणि जादाची बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत लवकर उतरते.

पाटील बी-२०१, ८:२०
सर्वांना विनंती 🙏 प्रवासात असताना लाईव्ह फोटो टाकू नका. घर बंद आहे हे सगळ्या जगाला कळते. घरी परत आल्यावर टाका.

देशमुख बी-४०२, ८:२६
माझा मुद्दा वेगळा आहे. मोहरीचे फोटो कुठे उभं राहून काढलेत? तिसऱ्या फोटोत आपली पांढरी गाडी हायवेच्या कडेला, पांढऱ्या पट्टीवर अर्धी उभी दिसतेय. धुक्यात. मागून ट्रक येतो तो दिसेपर्यंत अंगावर आलेला असतो. मी अंबाल्याला ४ वर्षं नोकरी केली आहे, तिथला जानेवारी पाहिलाय.

अनिल कुलकर्णी बी-६०३, ८:२९
दोनच मिनिटं थांबलो होतो. चारही इंडिकेटर चालू होते.

देशमुख बी-४०२, ८:३१
अनिलराव, तेच तर. चारही इंडिकेटर लावून लोक चालत्या गाडीतही जातात तिकडे. मागच्याला कळत नाही तुम्ही उभे आहात की चालताय. फोटो हवा तर ढाबा बघा, पेट्रोल पंप बघा, गाडी पूर्ण आत घ्या. मोहरी तिथेही असते. आणि ९ च्या आत निघू नका.

मीनल कुलकर्णी बी-६०३, ८:३३
देशमुख भाऊजी, बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी हेच सांगत होते तर म्हणे तू तिळगूळ धर, प्रकाश जातोय. यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात वेगमर्यादा कमी करतात, त्याच्या पाट्या दिसल्या, तरी यांचा एक डोळा खिडकीबाहेर.

स्नेहा ए-३०५, ८:३४
काकांचं घरातलं प्रकरण ग्रुपवर आलं 🍿

सावंत सेक्रेटरी, ८:३६
कृपया हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

जोशी काकू ए-१०२, ८:३७
हो ना. गुलाबाच्या फुलांसाठी.

फडके आजोबा सी-१०१, ८:४१
जोशी बाई, माझे फूल रोज एकच असते. आणि ते मी पाठवले नाही की सावंत फोन करतात, तब्येत बरी आहे ना म्हणून. आता पाठवणार नाही.

सावंत सेक्रेटरी, ८:४२
आजोबा, कृपया पाठवावे.

जोशी काकू ए-१०२, ८:४५
तसं नव्हतं म्हणायचं मला. पाठवा हो आजोबा.

विनय ए-४०३, ८:५०
ताजचे फोटो बघितले. काका, ताज कुठाय?

अनिल कुलकर्णी बी-६०३, ८:५१
मध्ये आहे.

विनय ए-४०३, ८:५१
कशाच्या मध्ये?

अनिल कुलकर्णी बी-६०३, ८:५८
अरे सकाळी सातला गेलो, काहीच दिसेना. शेजारचा फोटोवाला म्हणतो, साहब यहीं है, रुकिए. दहाला जरा घुमट उघडला, तर तोवर आमच्यासमोर सहल आली. ट्रायपॉड दारातच ठेवून घेतला, आत चालत नाही. आत कबरीपाशी फोटोला बंदीच. शेवटी नदीपलीकडे मेहताब बागेतून दुपारी चांगले मिळाले, ते मी अजून पाठवलेच नाहीत.

स्नेहा ए-३०५, ८:५९
म्हणजे ६३ मध्ये चांगले नव्हतेच!

रोहित सी-४०१, ९:०३
चांगले असतील ते इथे फोटो म्हणून नका पाठवू, व्हॉट्सअॅप दाबून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ दर्जात येतात. फक्त लोकेशन बंद करून काढा, डॉक्युमेंटमध्ये जागेची माहिती तशीच जाते.

पाटील बी-२०१, ९:०४
बघा! जागेची माहिती! मी सकाळपासून काय सांगतोय? सर्वांना विनंती 🙏 प्रवासात असताना लाईव्ह फोटो टाकू नका.

जोशी काकू ए-१०२, ९:०६
रोहित, डॉक्युमेंट वगैरे नको बाळा. माझा फोन आधीच म्हणतो जागा नाही. काल रात्री नातवाच्या बारशाचा व्हिडिओ पुसावा लागला.

रोहित सी-४०१, ९:०८
काकू, सेटिंगमध्ये आपोआप डाउनलोड बंद करता येतं. संध्याकाळी येऊन करून देतो. ६३ मोठे फोटो म्हणजे ३०० एमबीच्या वर जातील, ते काकांनी करू नये हे बरोबर आहे.

अनिल कुलकर्णी बी-६०३, ९:१२
आता निघतो, अमृतसरला. जाता जाता, पार्किंग १७ मध्ये कुणाची लाल गाडी आहे? विनयने काल गच्चीवरून पतंगांचा फोटो टाकला त्यात दिसली. माझी काही हरकत नाही.

स्नेहा ए-३०५, ९:२०
काका, माझ्या भावाची आहे. दोन दिवसच. तुम्ही नाही आहात म्हणून लावली.

मीनल कुलकर्णी बी-६०३, ९:२२
अगं लाव ना. विचारलं असतंस तर जास्त बरं वाटलं असतं, एवढंच.

पाटील बी-२०१, ९:२३
पाहिलंत? घर बंद आहे हे कळले की असे होते.

स्नेहा ए-३०५, ९:२४
पाटील काका, मी शेजारीण आहे, चोर नाही.

सावंत सेक्रेटरी, ९:३०
विषय थांबवावा. ठराव मांडतो: कुलकर्णी साहेबांनी रोज रात्री ३ फोटो टाकावेत. सोसायटीच्या नोटिशीनंतर किमान एक तास फोटो नकोत. राहिलेले परत आल्यावर क्लब हाऊसमध्ये पडद्यावर बघू. जैसलमेर, कच्छ धरून परत कधी?

अनिल कुलकर्णी बी-६०३, ९:३१
२८ ला. धोलावीराहून येताना रणाच्या मधून रस्ता जातो, दोन्हीकडे पांढरं मीठ. तिथे +१ करायचं ना रोहित?

रोहित सी-४०१, ९:३२
हो काका. पण माणूस पुढे घ्या. मीनल काकूंना लाल साडी नेसवा.

जोशी काकू ए-१०२, ९:४०
अनिलराव, एक विचारू? इंदूरला राजवाड्याच्या मागच्या बाजूला गेला होतात का? पुढचा नको, पुढचा कॅलेंडरवर पण असतो. माझं माहेर तिथल्या गल्लीत. मागच्या बाजूचा असेल तर.

जोशी काकू ए-१०२, ९:४१
नसेल तर राहू द्या. आणि सावंत, १ म्हणजे १ ना?

सावंत सेक्रेटरी, दुपारी २:१०
पाणी सोडले आहे. पहिली १० मिनिटे लालसर येईल, वाहू द्यावे. प्यायला भरू नये.

जोशी काकू ए-१०२, २:१२
ही नोटीस सापडली.

अनिल कुलकर्णी बी-६०३, रात्री ९:०५
सुखरूप पोचलो. ९ नंतरच निघालो देशमुख साहेब, ढाब्यावरच थांबलो. सुवर्णमंदिरात परिक्रमेत काढू देतात, गाभाऱ्यात नाही. ठरल्याप्रमाणे तीनच.
(फोटो)
(फोटो)
(फोटो)
(फोटो)

देशमुख बी-४०२, ९:०७
किटलीवाला झकास. धुक्यात वाफ दिसतेय.

जोशी काकू ए-१०२, ९:०८
चार आहेत.

अनिल कुलकर्णी बी-६०३, ९:०९
चौथा इंदूरचा. हिने काढलाय, शेव घ्यायला गेली होती तेव्हा.

जोशी काकू ए-१०२, ९:३४
निळं दार दिसतंय त्याच्या शेजारी शिवणयंत्राचं दुकान होतं. आता मोबाईलचं झालंय वाटतं. वरची गॅलरी आमची नाही, आमची त्याच्या पुढची, ती फोटोत अर्धीच आलीय. रोहित, हा एक पुसला जाणार नाही असं करून दे उद्या.

पाटील बी-२०१, ९:३६
सर्वांना विनंती 🙏