मदत हवी आहे : कँडिडा आणि स्यूडोमोनासच्या मिश्र कल्चरमध्ये हायफी (कँडिडाचे लांब तंतू) मरतात की तयारच होत नाहीत, हे कसे ओळखावे?

नमस्कार,

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत असून माझ्या प्रबंधाचा विषय कँडिडा अल्बिकन्स हे यीस्ट आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू यांच्यातील परस्परसंबंध हा आहे. भाजलेल्या जखमा आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे श्वसनमार्ग अशा ठिकाणी हे दोघे एकत्र सापडतात, हे येथील वैद्यकीय क्षेत्रातील सभासदांना सांगायला नको. माझी अडचण मात्र प्रयोगशाळेतील आहे.

दोन्ही कल्चर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून आणलेली आहेत. आरपीएमआय या द्रव पोषक माध्यमात १० टक्के सीरम घालून ३७ अंश सेल्सिअसला ठेवल्यावर एकट्या कँडिडाच्या पेशींना दोन-तीन तासांत जर्म ट्यूब (हायफीचे नळीसारखे पहिले अंकुर) फुटतात आणि दुसऱ्या दिवशी वेलच्या (प्लेटमधल्या खळग्याच्या) तळाशी पिंजलेल्या कापसासारखे हायफींचे जाळे दिसते. सुरुवातीपासूनच स्यूडोमोनास घातलेल्या वेलमध्ये मात्र बहुतेक पेशी गोल यीस्ट स्वरूपातच राहतात, आणि जे थोडे आखूड तंतू दिसतात त्यांना जिवाणू दाटीने चिकटलेले असतात.

याचे दोन अर्थ लागू शकतात आणि दोन्हींना प्रकाशित संशोधनाचा आधार आहे. डेबोरा होगन आणि रॉबर्टो कोल्टर यांनी २००२ साली दाखवले, की स्यूडोमोनास कँडिडाच्या हायफींवर बायोफिल्म (पेशींचा चिकट थर) तयार करून त्यांना मारतो, पण यीस्ट स्वरूपातील पेशींना तो चिकटतही नाही आणि मारतही नाही. पुढे २००४ साली होगन यांच्याच एका शोधनिबंधात असे आढळले, की जिवाणू आपापसांतील संकेतासाठी जो बारा कार्बनच्या साखळीचा होमोसेरीन लॅक्टोन स्रवतो, तोच कँडिडाला हायफी करू देत नाही. कँडिडा स्वतः सोडत असलेल्या फार्नेसॉल या संकेतरेणूचा परिणामही असाच होतो आणि त्याच्या मुख्य साखळीतही बाराच कार्बन असतात, हे मला या विषयातले सर्वांत रंजक वाटते. म्हणजे ज्या स्वरूपात मरण आहे ते स्वरूप धारण न करण्याचा इशारा शत्रूच्याच रसायनातून मिळतो की काय, असा प्रश्न पडतो. पण माझ्या वेलमध्ये हायफी कमी आहेत त्या मेल्यामुळे की झाल्याच नाहीत म्हणून, हे वेगळे काढल्याशिवाय 'स्यूडोमोनास कँडिडाला मारतो' असे सरसकट वाक्य प्रबंधात लिहिणे मला पटत नाही.

आमच्याकडे थराथरांची प्रतिमा देणारा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक नाही. साधा सूक्ष्मदर्शक, ९६ वेलच्या प्लेट, प्लेट रीडर आणि ०.२२ मायक्रॉनचे फिल्टर एवढी साधने आहेत. बायोफिल्म मोजण्यासाठी वापरलेल्या क्रिस्टल व्हायोलेट रंगाचे आकडे मिश्र वेलमध्ये वाढलेले दिसतात, पण तो रंग दोघांनाही लागत असल्यामुळे वाढ कोणाची हे कळत नाही. वसाहती मोजण्यासाठी क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घातलेले साबूरो हे बुरशी वाढवण्याचे माध्यम वापरले, तर त्यावर स्यूडोमोनासही उगवतो. अशा परिस्थितीत प्रयोगाची मांडणी कशी करावी? शिवाय थुंकीच्या अहवालात दोन्ही सूक्ष्मजीव आले तर रुग्णाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय लावतात, हेही चर्चेच्या प्रकरणासाठी कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद

आपण प्रश्न नेमका मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. दोन्ही सूक्ष्मजीव एकाच वेळी घातल्यामुळे हा गुंता झालेला आहे. काही वेलमध्ये आधी एकट्या कँडिडाला हायफी करू द्याव्यात, बफरने हलकेच धुवून घ्यावे आणि नंतरच जिवाणू घालावेत. येथे हायफी होण्याचा प्रश्न आधीच मिटलेला असल्यामुळे जो ऱ्हास दिसेल तो मारण्याचाच असेल. मिथिलीन ब्लूने मृत पेशी निळ्या दिसतात. पाहणी २४ आणि ४८ तासांनी, अशी दोन्ही वेळा करावी.

दुसऱ्या संचात जिवाणू अजिबात नकोत, त्यांच्या कल्चरचा गाळून घेतलेला द्रव आणि ताजे माध्यम निम्मे निम्मे घेऊन त्यात यीस्ट पेशी सोडाव्यात. येथे सामूकडे विशेष लक्ष द्यावे. आम्ल माध्यमात कँडिडा तसाही हायफी करत नाही, आणि उलट माध्यम अल्कधर्मी झाले की लॅक्टोनचे वलय उघडून तो संकेतरेणू निकामी होतो. स्यूडोमोनासचे जुने कल्चर पेप्टोनयुक्त माध्यमात अल्कधर्मी होत जाते, म्हणून द्रव स्थिरावस्थेच्या (जिवाणूंची वाढ थांबते त्या टप्प्याच्या) सुरुवातीलाच घ्यावा आणि वापरण्यापूर्वी सामू ७ वर आणावा. 'पोषकद्रव्ये संपल्यामुळे हायफी झाल्या नसतील' हा आक्षेप परीक्षक घेणारच, तेव्हा ई. कोलाय या जिवाणूचा तसाच गाळलेला द्रव नियंत्रण (तुलनेचा संच) म्हणून ठेवावा, कारण तो हा लॅक्टोन तयार करत नाही. शेवटी त्याच पेशी धुवून ताज्या सीरममध्ये ठेवाव्यात. त्यांना पुन्हा जर्म ट्यूब फुटल्या तर त्या केवळ रोखलेल्या होत्या, मेलेल्या नव्हत्या.

वसाहतींच्या संख्येवर फार विसंबू नये. हायफींच्या अख्ख्या गुंत्यातून प्लेटवर एकच वसाहत उगवू शकते, त्यामुळे आकडा कमी आला म्हणून पेशी मेल्या असे होत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल स्यूडोमोनासवर सहसा चालत नाही, कारण हा जिवाणू ते औषध पेशीबाहेर फेकतो. त्याऐवजी जेंटामायसिन हे प्रतिजैविक वापरावे, मात्र आपला स्यूडोमोनासचा प्रकार त्याला बळी पडतो ना, हे आधी तपासावे. जिवाणू मोजायच्या प्लेटमध्ये निस्टॅटिन हे बुरशीरोधक घालावे.

रुग्णांबद्दल लिहिताना हात आखडता घ्यावा. केवळ थुंकीत कँडिडा उगवणे हे बहुधा वसाहतीकरण (आजार न करता नुसते वास्तव्य) असते आणि त्यासाठी बुरशीरोधक औषध क्वचितच लागते, असे अमेरिकेच्या संसर्गरोग संस्थेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. श्वसनमार्गात कँडिडा असलेल्या अतिदक्षता विभागातील रुग्णांमध्ये नंतर स्यूडोमोनासचा न्यूमोनिया जास्त आढळल्याची २००६ ची फ्रेंच पाहणी आहे, पण प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. रॅटमध्ये कँडिडामुळे न्यूमोनिया बळावला, तर माऊसवरील एका प्रयोगात फुप्फुसाची हानी उलट कमी झाली. आपल्या वेलमधले निष्कर्ष थेट रुग्णशय्येवर नेऊ नयेत, दोन्ही बाजू लिहून तेथेच थांबावे.