अमृता शेरगिल यांच्या चित्रांतली भावना नेमकी कुठे असते?

रंगपेटी :

नमस्कार. गेली चार वर्षे मी तैलरंगात मनुष्याकृती रंगवते आहे. मी जिथे शिकते त्या वर्गात ‘भावपूर्ण चित्र’ म्हटले की रंगाचे जाड थर, सुरीने ओढलेले फटकारे आणि चेहऱ्याची मोडतोड एवढेच समोर ठेवले जाते. या मापाने अमृता शेरगिल यांची चित्रे फारच शांत ठरतात. त्यांचे १९३५ सालचे ‘तीन मुली’ हे चित्र घ्या. तिघींपैकी एकही रडत नाही, हसत नाही, आपल्याकडे पाहतसुद्धा नाही. तरीही त्या चित्राच्या छापील प्रतीसमोर बसले की माझा गळा दाटून येतो. हे कशामुळे घडते? त्यांच्यावर कोणाचे संस्कार झाले आणि त्यातले त्यांनी काय ठेवले, काय टाकले, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

जुना चित्रशिक्षक :

ताई, प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो. अमृता यांचा जन्म १९१३ साली बुडापेस्टचा. वडील उमरावसिंग हे शीख सरदार घराण्यातले विद्वान आणि हौशी छायाचित्रकार, तर आई हंगेरियन गायिका. १९२१ मध्ये कुटुंब सिमल्याला आले आणि १९२९ मध्ये, सोळाव्या वर्षी, अमृता चित्रकला शिकायला पॅरिसला गेल्या. तिथे एकोल दे बोझार या संस्थेत ल्यूसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली त्यांनी नग्नाकृती, व्यक्तिचित्र, स्थिरचित्र असा सगळा पक्का अभ्यास केला. बहीण इंदिरा आणि एक फ्रेंच मैत्रीण यांना समोर बसवून १९३२ मध्ये केलेल्या ‘यंग गर्ल्स’ला पुढच्या वर्षी तिथल्या ‘सलों’ या मोठ्या चित्रप्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले.

ते चित्र आणि ‘तीन मुली’ शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात कापडाची चमक, केसांचा भार, खोलीतला उजेड असे सगळे सांगून टाकलेले आहे. दुसऱ्यात खोली नाही, वस्तू नाहीत, मागे साधी पार्श्वभूमी आहे. राहिल्या आहेत त्या फक्त झुकलेल्या माना, खाली वळलेल्या नजरा आणि वस्त्रांचे तापलेले रंग. मुली एकमेकींना अगदी खेटून आहेत, पण कोणीच कोणाशी बोलत नाही. आपला गळा दाटतो तो या अंतरामुळे, असे मला वाटते. फ्रेंच चित्रकार सेझान यांच्याकडून अमृता यांनी आकाराचा घट्टपणा घेतला आणि ताहिती बेटावरच्या स्त्रिया रंगवणारे गोगँ यांच्याकडून सपाट, भरीव रंगाचे धैर्य घेतले. १९३४ मध्ये त्यांनी स्वतःला ताहिती स्त्रीच्या रूपात रंगवले, त्यात हे ऋण उघडच दिसते. भावना चेहऱ्यावर न चिकटवता देहाच्या बसण्यात आणि रंगात मुरवायची, ही त्यांची रीत मला इथूनच उगवलेली दिसते.

पाणवठा :

सरांच्या म्हणण्यात एक महत्त्वाची भर घालतो, कारण अजिंठा वगळून हे उत्तर पूर्ण होणार नाही. भारतात परतण्यापूर्वी अमृता यांनी आईवडिलांना लिहिले होते की, अजिंठ्याचे एक भित्तिचित्र किंवा म्युझे गिमे या पॅरिसमधल्या आशियाई कलेच्या संग्रहालयातले एखादे लहानसे शिल्प संपूर्ण युरोपीय प्रबोधनकाळापेक्षा मोलाचे आहे. प्रत्यक्ष लेणी मात्र त्यांनी पाहिली ती १९३६ च्या अखेरीस, मुंबईच्या प्रदर्शनानंतर. त्याच मुंबई-मुक्कामात कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि त्यांच्याकडची लघुचित्रे त्यांना पाहता आली.

पहिल्या आणि सतराव्या लेण्यात डोळे अंधाराला सरावले की एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. माणसांचे अंग गोलाईने उठावदार केलेले आहे, पण त्यांची सावली जमिनीवर कुठेच पडलेली नाही. गेरू, पिवळी माती, काजळी आणि चुना यांतून घडलेली ती माणसे उजेड जणू अंगातच बाळगून आहेत. आता दक्षिणेचा प्रवास करून आल्यावर अमृता यांनी १९३७ मध्ये रंगवलेले ‘ब्रह्मचारी’ आठवा. उघड्या अंगाचे पाच तरुण बसलेले आहेत, प्रत्येकाची कांती वेगळी आहे, आणि धोतरांचा पांढरा रंग प्रत्येक ठिकाणी निराळा आहे. त्या पांढऱ्यात जेवढी भावना आहे तेवढी पाचही चेहऱ्यांत मिळून नाही. ‘वधूचा शृंगार’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणी गावकरी’ ही चित्रेही त्याच वर्षीची. वाटेत त्यांनी कोचीनजवळच्या मट्टनचेरी राजवाड्यातली भित्तिचित्रे बारकाईने अभ्यासली होती, तेही ध्यानात ठेवावे.

माजघर :

दोन्ही प्रतिसाद आवडले, परंतु ‘शांत आणि उदास’ हे दोन शब्द त्यांच्या सगळ्या चित्रांना लावू नयेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. शिवाय एक अवघड बाबही मान्य करायला हवी. सुखवस्तू घरातली, युरोपात घडलेली ही चित्रकर्ती गरिबांकडे काहीशी दुरूनच पाहत होती, आणि सुरुवातीच्या ‘पहाडी स्त्रिया’मध्ये ते अंतर मला जाणवते. १९३८ मध्ये डॉ. व्हिक्टर एगन यांच्याशी लग्न झाल्यावर त्या गोरखपूरकडच्या सराया येथे राहिल्या, आणि तिथल्या चित्रांत ते अंतर कमी झाले आहे. १९४० च्या ‘खाटेवरची स्त्री’मध्ये तांबड्या कपड्यांतली एक बाई नुसती आडवी पडली आहे, पण तो तांबडा रंग, खाटेचे तांबडे खूर आणि उशाशी वारा घालणारी काळसर आकृती यांतून घरात कोंडलेली उष्णता, कंटाळा आणि इच्छा असे सगळे एकदम अंगावर येते. इथे पहाडी लघुचित्रांचा रंग त्यांनी पूर्णपणे स्वतःचा केला आहे. ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरला त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस होते. ही वाट पुढे कुठे गेली असती, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

रंगपेटी :

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आईला खिडकीशी बसवून एक चित्र सुरू केले. चेहरा रंगवायला घेतला की हात आपोआप ओठांच्या कोपऱ्याकडे आणि भुवईकडे जातो, आणि मग सगळे चित्र तिथेच अडकते. यावर काय करावे?

जुना चित्रशिक्षक :

ताई, चेहरा आठवडाभर कोराच ठेवा. आधी आईंच्या पाठीचा बाक, मांडीवरचे हात आणि लुगड्याचा एकच मोठा रंग जुळवा, आणि डोळे किलकिले करून लांबून पाहत राहा. हातांकडे पाहून त्या थकल्या आहेत की वाट पाहत आहेत, हे कळू लागले की मगच चेहऱ्याला कुंचला लावा. दिल्लीला जाणे झाले तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमृता यांची मूळ चित्रे अवश्य पाहा, कारण त्यांचे तांबडे आणि पांढरे रंग छापील प्रतीत निम्मेसुद्धा उतरत नाहीत.