शब्दचर्चा: निर्वासित, शरणार्थी की परागंदा?

शाळकरी मुलांसाठीच्या एका वाचनपुस्तिकेचं भाषांतर करते आहे. त्यातलं एक प्रकरण चकमा या डोंगरी आदिवासी समाजातल्या कुटुंबाचं आहे. आजोबा १९६४ साली पूर्व पाकिस्तानातल्या चितगावच्या डोंगराळ मुलखातून निघाले, लुशाई टेकड्या (आजचा मिझोराम) ओलांडून आसामात आले आणि तिथून त्यांना नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, दियूनकडे वसवलं गेलं. या कुटुंबाची ओळख करून देणारं पहिलंच वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं. त्यांना निर्वासित म्हणू, शरणार्थी म्हणू की विस्थापित?

आधी माझं मत मांडते, मग तुम्ही दुरुस्त करा.

'निर्वासित'चा धातू वस्, म्हणजे राहणं. राहत्या जागेतून ज्याला बाहेर काढलं तो निर्वासित. या शब्दात काढणारा कोणीतरी आहे, त्याचं नाव तेवढं घेतलेलं नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना मराठीने हाच शब्द लावला. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांची सोय झाली, तिथेच १९४९ साली उल्हासनगर वसलं, आणि आमच्याकडची जुनी माणसं त्या गावाला अजूनही 'कॅम्प'च म्हणतात. त्याच काळातल्या सरकारी कागदांत 'निष्क्रांत मालमत्ता' असाही शब्द भेटतो. निष्क्रांत म्हणजे निघून गेलेला. घर सोडणारा माणूस तोच, पण एका शब्दात तो हाकलला गेला आणि दुसऱ्यात आपल्या पायांनी निघून गेला. मागे राहिलेल्या घराचा ताबा घेणाऱ्याला दुसरा शब्द सोयीचा, हे उघड आहे.

'शरणार्थी' हिंदीत आणि बंगालीत सर्रास चालतो. घडण विद्यार्थी, लाभार्थी यांच्यासारखीच: शरण मागणारा. संस्कृतात 'शरण' म्हणजे आसरा, घरसुद्धा. मराठीत मात्र 'शरण आला' म्हटलं की विठ्ठलाच्या पायाशी आलेला भक्त तरी आठवतो, नाहीतर शस्त्र खाली ठेवलेला शत्रू. जीव वाचवायला आलेल्या माणसाने हार मानलेली नसते. फाळणीच्या वेळी दिल्ली-पंजाबकडचे लोक आग्रहाने सांगत की आम्ही शरणार्थी नाही, पुरुषार्थी आहोत. त्यांना हेच खटकत असणार.

म्हणून माझा कौल 'निर्वासित'ला. पण पुढचं वाचलं आणि तोही डळमळला. या कुटुंबाचं शेत आधी धरणात गेलं होतं.

प्रतिसाद

ताई, मग त्यांना आधी धरणग्रस्त म्हणा. मी जावळी तालुक्यातला. आमचं गाव कोयनेच्या शिवसागराखाली आहे. आमची भावकी कोणी रायगडात, कोणी सोलापुरात विखुरली. वडील आयुष्यभर 'धरणग्रस्त' या एका शब्दावर दाखले गोळा करत होते. 'ग्रस्त' हा शब्द मला आवडत नाही, रोग्यासारखा वाटतो. पण त्यात धरण आहे, म्हणजे कारण आहे. 'विस्थापित'मध्ये कारणच नाही. कोणी हलवलं, कशासाठी, काहीच कळत नाही. कोणतं धरण ते लिहा.

उत्तर

धरण कर्णफुली नदीवरचं, काप्ताई. १९६२ साली पुरं झालं, वीजनिर्मितीसाठी. तुमच्या कोयनेच्याच पिढीतलं. सुमारे ५४ हजार एकर शेतजमीन पाण्याखाली गेली, म्हणजे त्या मुलखातल्या कसत्या जमिनीचा जवळपास ४० टक्के भाग. साधारण एक लाख माणसं उठली, त्यांत बहुसंख्य चकमा. जुनं रांगामाटी गाव आणि चकमा राजाचा वाडाही बुडाला. सुमारे ४० हजार लोक भारतात आले असं मानलं जातं.

तुमची सूचना पटली. फरक एवढाच की कोयनेच्या माणसाला, कितीही हाल झाले तरी, दाखला मागायला स्वतःचं सरकार होतं. चकमांना तेही परकं होतं. १९४७ साली या मुलखात बहुतांश बौद्ध आणि इतर बिगरमुस्लिम वस्ती होती. १५ ऑगस्टला रांगामाटीत तिरंगा फडकला, आणि दोन दिवसांनी फाळणीची सीमा ठरवणारा रॅडक्लिफ निवाडा जाहीर झाला तेव्हा कळलं की मुलूख पाकिस्तानात गेला. म्हणजे धरण बांधलं तेव्हा बुडणाऱ्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

आणि एक. चकमा लोक या निघण्याला स्वतः 'बर परंग' म्हणतात. बर म्हणजे मोठं, परंग म्हणजे घरदार घेऊन दुसरीकडे जाणं. हा शब्द कळल्यापासून मला 'परागंदा' सारखा आठवतो आहे.

प्रतिसाद

परंग आणि परागंदा एकाच मुळातले असतील का?

उत्तर

नाही. 'परागंदा' फारसीतून आला, मूळ अर्थ विखुरलेला. दरबारी भाषेतून तो मराठीत रुजला. सारा भरता आला नाही, दुष्काळ पडला, जुलूम झाला, की कुळं परागंदा होत. चकमा शब्दाशी त्याचं नातं जोडायला कानांना वाटणाऱ्या सारखेपणापलीकडे काही पुरावा नाही. पण अर्थाने तो फार जवळ बसतो. अख्खं गाव उठतं आणि वाटेत विखुरतं, हे 'निर्वासित'मध्ये नाही, 'परागंदा'त आहे. 'देशोधडीला लागले' हेही जवळचं, पण त्यात हळहळणारा बघ्या फार पुढे येतो.

बंगालीत आणखी एक शब्द आहे, 'उद्वास्तू'. वास्तूतून उखडलेला. बांगलादेशात सरकार आणि या डोंगरी लोकांमधल्या १९९७च्या शांतता करारानंतर पुनर्वसनासाठी जे कृती दल नेमलं गेलं त्याच्या लांबलचक नावात दोन्ही शब्द आहेत. सीमा ओलांडून भारतात गेलेले आणि परतलेले ते शरणार्थी, देशातच घर गमावून बसलेले ते अंतर्गत उद्वास्तू. १९८६ साली हल्ल्यांच्या भीतीने त्रिपुरात आलेली हजारो कुटुंबं पहिल्या गटातली. जी डोंगरातच लपत राहिली ती दुसऱ्या. सीमेची एक रेघ ओलांडली की शब्द बदलतो.

प्रतिसाद

हे लोक 'छळ झालेले आदिवासी अल्पसंख्य' होते, हे मुलांसाठी कसं लिहिणार? 'मूलनिवासी' चालेल?

उत्तर

'मूलनिवासी' नको. महाराष्ट्रात त्या शब्दाला स्वतःची चळवळ आणि स्वतःचा अर्थ आहे, मुलांचा गोंधळ होईल. 'आदिवासी'च बरा. बांगलादेशातले चकमा, मारमा, म्रो हे लोकही स्वतःसाठी तोच शब्द मागतात, आणि तिथलं सरकार तो देत नाही. २०११च्या घटनादुरुस्तीत 'उपजाती', 'क्षुद्र जातिसत्ता', 'नृगोष्ठी' असे शब्द आले, 'आदिवासी' आला नाही. बंगालीत 'क्षुद्र' म्हणजे नुसतं लहान, हे मला ठाऊक आहे. तरी मराठी कानाला तो शब्द लागतोच. ते स्वतःला 'जुम्म'ही म्हणतात, जूम शेती करणारे. आपल्याकडची कुमरी किंवा माडियांचा पेंडा, तशी डोंगरउतारावरची फिरती शेती.

'छळ' मात्र मला अपुरा वाटतो. मराठीत छळ सासू करते, वरिष्ठ करतो. इथे माणसाने काही केलेलं नाही, तो चकमा आहे एवढंच पुरतं. म्हणून विशेषण सोडून क्रियापद वापरते: 'चकमा असल्यापायी ज्यांना सतावलं गेलं'.

प्रतिसाद

मी काही वर्षं अरुणाचलात नोकरीला होतो. तिथल्या सिंगफो, तांगसा लोकांची बाजूही लिहा. तेही छोट्या संख्येचे आदिवासीच आहेत. न विचारता आपल्या जमिनीवर माणसं आणून बसवली, ही त्यांची तक्रार खोटी नाही. तिथे 'निर्वासित' हा शब्द दया म्हणून कमी आणि 'तुम्ही इथले नाही' म्हणून जास्त ऐकला.

उत्तर

लिहिते. तुमच्या शेवटच्या वाक्याने माझा कौल बदलला.

१९६४ ते १९६९ मध्ये सुमारे १५ हजार चकमा आणि त्यांच्यासारखेच आलेले हाजोंग लोक तिथे वसवले गेले. दियूनला १९७० साली जन्मलेली मुलगी आपल्या नागरिकत्व कायद्यानुसार जन्मानेच भारतीय आहे, कारण १ जुलै १९८७ आधी भारतात जन्मलेल्यांना कायदा तेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली या लोकांच्या जिवाचं रक्षण करायला राज्याला बजावलं, २०१५ साली नागरिकत्वाच्या अर्जांचा निकाल लावायला सांगितलं. तरी त्या मुलीला, आता तिच्या नातवंडांनाही, लोक निर्वासितच म्हणतात. जी कुठून निघालीच नाही ती निर्वासित कशी? भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही, त्यामुळे हा शब्द कुठे संपतो हे ठरवणारं कोणी नाही.

तेव्हा पुस्तिकेत 'निर्वासित' फक्त आजोबांसाठी, तोही ते वाटेवर असेपर्यंत. वाक्य असं केलं आहे:

'धरणाने शेत नेलं, आणि चकमा असल्यापायी तिथे राहणंही अवघड झालं, तेव्हा आजोबा मुलाबाळांना घेऊन परागंदा झाले. भारतात त्यांनी आसरा मागितला. आई इथलीच, दियूनची.'

'परागंदा' सातवीच्या मुलांना कळेल का? गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे शिकवणारं कोणी वाचत असेल तर सांगा. तिथे पूर्व बंगालातून आलेल्यांची गावं आहेत. तुमच्या वर्गातली मुलं घरी आजी-आजोबांच्या येण्याबद्दल बोलताना कोणता शब्द वापरतात?