पोलिओच्या थेंबांतून टाइप २ काढला, तरी साथी का?

प्रश्न: एप्रिल २०१६ मध्ये जगभर थेंबांतला टाइप २ (पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी एक) वगळला. मग साथी त्याच प्रकाराच्या कशा?

उत्तर १: रानटी, म्हणजे निसर्गात फिरणारा, टाइप २ संपल्याचं २०१५ मध्येच जाहीर झालं. उरला लशीतला क्षीण, पण जिवंत विषाणू. लसीकरण कमी असेल तिथे तो विष्ठेवाटे पसरतो, बदलत जातो आणि पुन्हा लुळेपणा आणतो.

उत्तर २: निर्णय चुकला नाही, तयारी कच्ची होती. बदलाआधी हा फैलाव सगळीकडे थांबला नव्हता, त्यात आयपीव्हीचा, म्हणजे इंजेक्शनने द्यायच्या पोलिओ लशीचा, तुटवडा. शिवाय हे इंजेक्शन लुळेपणा टाळतं, आतड्यातला संसर्ग फारसा रोखत नाही.

उत्तर ३: साथीत आता एनओपीव्ही२, म्हणजे टाइप २ विरुद्धचे नवे थेंब, देतात; त्यातला विषाणू बदलून सहजी पुन्हा घातक होत नाही. सांडपाण्याची तपासणी मात्र सोडू नये. लुळेपणाचा पहिला रुग्ण सापडेपर्यंत शेकडो मुलांना लागण होऊन गेलेली असते.