नेपोलियनला थंडीने नाही, उन्हाळ्याने मारलं (पटत नसेल तर या भांडायला)

रिकामटेकडा_७ (धागाकर्ता)
परवा सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. नेपोलियनने म्हणे भर हिवाळ्यात रशियावर स्वारी केली, थंडीने त्याची वाट लावली, तात्पर्य काय तर हिवाळ्यात रशियाच्या नादी लागू नये. खाली अठरा जणांचे अंगठे. अहो पण तो हिवाळ्यात गेलाच नव्हता! रशियाच्या सरहद्दीवरची नेमन नदी ओलांडली २४ जून १८१२ ला, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा.

पहिल्या लाटेत साधारण साडेचार लाख माणूस, मागून आलेली कुमक धरून सहा लाखांच्या घरात. मिनार नावाच्या फ्रेंच इंजिनियरने १८६९ साली या मोहिमेचा तो प्रसिद्ध नकाशा काढलाय, त्यात सैन्याची पट्टी सुरवातीला ४,२२,००० एवढी जाड आणि मॉस्कोत पोचताना १,००,०००. बर्फाचा एक कणही पडायच्या आधी! नदी ओलांडून चार-पाच दिवस होतात न होतात तो वादळी पाऊस, हजारो घोडे मेले, पुढे धूळ, ऊन, हगवण. पिठाची पोती डान्झिग आणि कोनिग्सबर्गच्या कोठारात, गाड्या चिखलात रुतलेल्या आणि माणसं उपाशी पुढे चाललेली. जुलैअखेर वितेब्स्कला पोचेस्तोवर मुख्य फौजेतला तिसरा हिस्सा कमी झाला होता, आणि तोवर एकही मोठी लढाई झाली नव्हती.

मग थंडीची गोष्ट आली कुठून? तर नेपोलियनसाहेबांकडूनच. ३ डिसेंबरला त्याने २९ वं बुलेटिन काढलं, त्यात ६ नोव्हेंबरपर्यंत हवा छान होती, मग गारठा आला आणि सगळं बिघडलं असा सूर, आणि शेवटी काय तर सम्राटांची तब्येत इतकी उत्तम कधीच नव्हती. दोनशे वर्षं आपण त्याचं प्रेसनोट फॉरवर्ड करतोय.

चहाटळ_चंदू
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कोकणकडा आले की उठवा.

कोकणकडा
आलो.

धागाकर्ते, मिनारचा नकाशा अर्धाच वाचलात. ती पट्टी बारीक होते ती काही सगळी माणसं मेली म्हणून नाही. वाटेत तिला फाटे फुटलेत बघा, एक २२,००० चा, एक ६०,००० चा पोलोत्स्ककडे जाणारा. शिवाय ठाण्याठाण्यावर शिबंदी ठेवावी लागते, एवढ्या लांबच्या रस्त्याला ती लागणारच. तेव्हा "तीन लाख उन्हाळ्यातच गेले" असा जो आव तुम्ही आणलाय तो कै च्या कै आहे.

दुसरं. १९ ऑक्टोबरला मॉस्को सोडताना त्याच्याकडे लाखभर माणूस आणि पाचशेच्या वर तोफा होत्या. त्या काळात युरोपात कुठेही उभी राहिली असती अशी फौज. तीच तुमच्याच नकाशात स्मोलेन्स्कच्या आसपास ३७,००० राहते. खाली मिनारने पारा दाखवलाय तो पाहिलात का, ६ डिसेंबरला उणे ३०, आणि ते रेओम्युरच्या मापात, आपल्या सेल्सियसमध्ये उणे साडेसदतीस. ही थंडी नाही तर काय गुलाबी हवा?

रिकामटेकडा_७
फाट्यांचं मान्य, लिहायला हवं होतं, चूक माझी. पण ६ डिसेंबरच्या पाऱ्याने ऑक्टोबरची माणसं कशी मारली ते सांगा. व्याझ्माची लढाई ३ नोव्हेंबरची, तिथेच फौज विस्कटायला लागली होती आणि बर्फ त्यानंतर तीन दिवसांनी. कारण भूक. २४ ऑक्टोबरला मलोयारोस्लावेत्सला लढाई झाली, गाव फ्रेंचांच्या हातात राहिलं, दक्षिणेचा न लुटलेला मुलूख समोर होता आणि हा गडी मागे फिरून त्याच ओरबाडलेल्या स्मोलेन्स्क रस्त्याला लागला. परत जाताना बोरोदिनोच्या जुन्या रणांगणावरून गेले, सात आठवड्यांपूर्वीची प्रेतं तशीच उघड्यावर पडलेली. आपलीच.

आणि हो, उणे साडेसदतीसचा जो दिवस तुम्ही सांगता त्याच्या आदल्या दिवशी, ५ डिसेंबरला, स्मोर्गोनहून साहेब फौज सोडून पॅरिसला निघाले होते.

कोकणकडा
निघाला कारण पॅरिसमध्ये माले नावाच्या जनरलने ऑक्टोबरात गादी उलथवायचा प्रयत्न केला होता. तुम्ही काय केलं असतंत, तिथेच शेकोटी करून बसला असतात? आणि मलोयारोस्लावेत्सला समोरचा मुलूख मोकळा नव्हता, रशियन सेनापती कुतुझोवची अख्खी फौज आडवी होती.

गुराढोरांची_डॉक्टर
मी जनावरांची डॉक्टर, इतिहासातलं फार कळत नाही, पण तुम्ही दोघं माणसंच मोजत बसलायत म्हणून लिहिते. घोडे मोजा ना. दीड लाखाच्या वर घोडे गेले त्या मोहिमेत.

उन्हाळ्याचं आधी. चंदी मागे राहिली म्हणून घोड्यांना शेतातलं हिरवं कोवळं राय कापून घातलं (आपली मोहरी नव्हे हो, गव्हासारखं धान्य असतं). घोड्याला ओकारी येत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे, त्यामुळे असलं ओलं हिरवं उपाशी पोटी भरलं की पोट फुगतं, पोटशूळ होतो, जनावर लोळायला लागतं, आतडं पिळतं आणि खेळ खलास. ज्याने एकदा पोटशुळाचा घोडा रात्रभर दोरीला धरून फिरवलाय त्याला मी काय म्हणते ते कळेल. वरून पाऊस आणि गारठलेल्या रात्री. इथे धागाकर्ते बरोबर.

आता हिवाळा. घोडा बर्फाने मरत नाही, तो बर्फावर घसरून मरतो. उन्हाळी नाल गुळगुळीत असतो, बर्फावर चालवायचं तर टोकदार केलेला, खिळे बाहेर आलेला नाल लागतो म्हणजे खूर रुततो. तो नव्हता. चढाच्या रस्त्यावर तोफ ओढणारा घोडा घसरला की उठत नाही, मग दुप्पट घोडे जुंपा, तेही थकणार, मग तोफ टाकून द्या. घोडदळ संपलं की दाणागोटा गोळा करायला बाजूच्या गावात जाणारं कुणी उरत नाही. म्हणजे परत भूक.

आणि हे माहीत नव्हतं असं नाही. कोलँकूर म्हणून सम्राटाच्या पागेचा प्रमुख होता, आधी चार वर्षं सेंट पीटर्सबर्गला वकील म्हणून राहिलेला. त्याने पागेतल्या घोड्यांना वेळेवर हिवाळी नाल ठोकून घेतले. पोलिश लोकांनीही आपापल्या घोड्यांना ठोकले, त्यांना ती हवा घरची. बाकीच्यांना कुणी सांगितलंच नाही. उलट मॉस्कोत ऑक्टोबरात ऊन पडलं तर नेपोलियन त्या कोलँकूरचीच थट्टा करत होता की बघा तुमचा रशियन हिवाळा, फाँतेनब्लोपेक्षा छान हवा आहे.

कोकणकडा
डॉक्टरबाई, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. पण बघा, नाल लागला कारण बर्फ होता. म्हणजे थंडीच ना?

गुराढोरांची_डॉक्टर
पावसाळ्यात गोठा गळून म्हैस आजारी पडली तर मी मालकाला "पाऊसच तसा होता" म्हणत नाही. कौलं का नाही चाळलीस म्हणते.

चहाटळ_चंदू
😂😂 कोकणकडा, शांत बसा आता दहा मिनिटं.

तर्कटराव
इथे सगळं चाललंय घोडे, पारा, पोटशूळ. रशियन माणसं या मोहिमेत होती की नव्हती? का तेही हवामानाचाच भाग?

कुतुझोवच्या आधीचा रशियन सेनापती बार्कले द तोली, त्याचं नाव अजून एकानेही घेतलेलं नाही. लढाई न देता मागे हटत राहायचं, शत्रूला आत ओढायचं, हे धोरण त्याने रेटलं आणि त्याबद्दल त्याला मिळालं काय, तर परका, भित्रा, गद्दार. दुसरा रशियन सेनानी बाग्रातिओन तर त्याच्याशी उघड भांडत होता. शेवटी ऑगस्टात त्याच्या डोक्यावर कुतुझोवला आणून बसवलं, आणि कुतुझोवने तरी काय केलं? बोरोदिनोला एकच रक्तबंबाळ दिवस, रशियनांचे चाळीस हजारांवर आणि फ्रेंचांचे तीस हजारांच्या आसपास मेलेले-जखमी, आणि १३ सप्टेंबरला फिलीच्या बैठकीत मॉस्को सोडायचा निर्णय. म्हणजे बार्कलेचंच धोरण, फक्त नाव अस्सल रशियन.

झार अलेक्झांडरने तर याच कोलँकूरला युद्धाच्या आधी तोंडावर सांगितलं होतं की कामचात्कापर्यंत मागे हटेन पण तह करणार नाही. कोलँकूरने ते पॅरिसला जाऊन कळवलं. तरी नेपोलियन मॉस्कोत ३५ दिवस झारच्या पत्राची वाट बघत बसला, आणि शहर कसलं, जळालेलं, कारण गव्हर्नर रोस्तोपचिनने निघताना आगीचे बंबसुद्धा बाहेर काढून नेले होते. ही थंडी नव्हे आणि पोटशूळही नव्हे. समोरचा माणूस ठरवून खेळत होता.

कोकणकडा
ठरवून? वरपासून खालपर्यंत भांडणं आणि माघार, नंतर त्यालाच धोरण म्हणायचं. बरं ते राहू द्या. मला एवढंच सांगा, कुतुझोव तारुतिनोच्या छावणीतून लाखभर माणूस घेऊन पाठलागाला निघाला आणि विल्नाला पोचेपर्यंत त्याचे निम्म्याहून जास्त गळाले. स्वतःचा देश, अंगावर मेंढीच्या कातड्याचे कोट, मागे रसद. मोठ्या लढायाही त्याने टाळल्या. मग ते कशाने गेले? इथे कुणाला दोष देणार, त्याच्या नालबंदाला?

रिकामटेकडा_७
हा मुद्दा अडचणीचा आहे, कबूल. थोडे आजाराने गेले असणार, पण सगळं त्यावर ढकलता येणार नाही.

सूक्ष्मदर्शक
आजाराचं निघालंच आहे म्हणून. २००१ साली विल्निअसमध्ये (वरचं विल्ना तेच) बांधकाम करताना एक सामूहिक कबर सापडली, तीन हजारांच्या वर सांगाडे, गणवेशाची बटणं वगैरेवरून कळलं की हे नेपोलियनचे शिपाई. २००६ मध्ये त्यांच्या दातांत आणि मातीतल्या उवांच्या अवशेषांत टायफस आणि ट्रेंच फीव्हरच्या (दोन्ही उवांतून पसरणारे ताप) जंतूंचा डीएनए मिळाल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हापासून "उवांनी हरवलं" असंही एक फॉरवर्ड फिरतं. २०२५ मध्ये दुसऱ्या टीमने नव्या तंत्राने १३ जणांचे दात तपासले तर टायफस नाहीच, पॅराटायफॉइड आणि उवांतूनच पसरणारा उलटून येणारा ताप निघाला. आता १३ दातांवरून फौजेचं निदान करू नका, टायफस नव्हताच असं त्यातून निघत नाही. पण घाण पाणी आणि महिनोन्महिने न बदललेले कपडे, हे दुखणं जूनपासून सोबत होतं.

रिकामटेकडा_७
बरं, माझा हुकमाचा पत्ता अजून खिशात आहे. बेरेझिना. नोव्हेंबरअखेर फौज नदीवर आली तेव्हा नदी गोठलेली असती तर चालत पलीकडे गेले असते. पण मधेच हवा उबदार झाली, बर्फ फुटलं, पाण्यातून हिमाचे तुकडे वाहत होते. म्हणजे थंडी *कमी* पडली म्हणून मेले!

पूल कसा झाला तर जनरल एब्ले. ओर्शाला नेपोलियनने पुलाचं सगळं सामान जाळायला सांगितलं होतं, तोफा ओढायला घोडे हवेत म्हणून. या म्हाताऱ्याने दोन भाते, कोळसा आणि हत्यारांच्या गाड्या तेवढ्या राखून ठेवल्या. स्तुद्येंका गावातली लाकडी घरं मोडून तुळया काढल्या, आणि चारशेएक माणसं, त्यात बरीच डच, छातीभर पाण्यात उभी राहून मेढी ठोकत होती. दोन पूल. २९ नोव्हेंबरच्या सकाळी त्यानेच ते जाळले, पलीकडे हजारो माणसं तशीच राहिली, रात्री पूल मोकळा असताना शेकोटीपाशी बसून राहिलेली. त्या चारशेंतले फार थोडे घरी पोचले. एब्ले स्वतः डिसेंबर संपता संपता कोनिग्सबर्गला वारला.

कोकणकडा
एब्लेला आपला कडक सलाम. पण राव, बर्फ वितळणं हेही हवामानच की! पारा चढला तरी तुमचा आणि उतरला तरी तुमचाच, असं कसं चालेल.

चहाटळ_चंदू
मला तर नेपोलियनच्या फौजेतला तो सार्जंट बुर्गोन्य आठवतो. मॉस्कोहून निघताना पाठीवरच्या पिशवीत साखर, थोडे तांदूळ, बिस्किटं, अर्धी बाटली दारू, सोन्याचांदीचं भरतकाम केलेला बायकांचा चिनी रेशमी झगा, आणि मॉस्कोच्या क्रेमलिनमधल्या इव्हानच्या घंटाघरावरच्या क्रॉसचा एक तुकडा. त्यानेच लिहून ठेवलंय. यातली साखर सोडली तर हिवाळ्याला उपयोगी काहीच नाही.

गुराढोरांची_डॉक्टर
झगा उपयोगी आहे. कोटाच्या आत घालायचा. रेशीम ऊब धरतं.

कोकणकडा
धागाकर्ते, एवढं झाल्यावर शीर्षकातला "उन्हाळ्याने" तेवढा काढा.

रिकामटेकडा_७
नाही काढणार. फार तर "नालाने" करतो, तेही डॉक्टरबाई म्हणाल्या तर.