चर्चा: साथीत बाजार बंद पडला तर पालिकेने काय द्यावं? माफी, रोख की कर्ज?

हिशेबनीस
कोविडमध्ये हातगाडीवाल्याच्या पदरात पडलं ते मुख्यतः कर्ज. १ जून २०२० ला पथविक्रेत्यांना कर्ज देणारी केंद्राची पीएम स्वनिधी योजना सुरू झाली. तेव्हा १० हजार रुपये, तारण नाही, १२ मासिक हप्ते, वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान. बँकेचा दर १२ टक्के धरला तर हप्ता सुमारे ८८८ रुपये. बाजार धड उघडलेला नसताना हे ८८८ रुपये दर महिन्याला कुठून काढायचे? धंदा बंद असताना माणसाच्या डोक्यावरचा बोजा आधी उतरवायला हवा. पालिकेच्या हातात तीन गोष्टी असतात: स्वतःच्या गाळ्यांचं भाडं, बाजार फी आणि घरपट्टी. बंदीचा आदेश निघाला त्याच दिवसापासून या तिन्हींची आकारणी थांबली पाहिजे. अर्ज मागवूच नयेत, गाळेधारकांची नावं पालिकेच्या नोंदवहीत असतातच.

उंबरठा
घरपट्टी यातून वगळा. बिल नीट वाचा. सर्वसाधारण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर पालिकेचे. पण शिक्षण कर आणि बिगरनिवासी मालमत्तेवरचा रोजगार हमी कर राज्याचे आहेत. पालिका ते नुसते गोळा करून शासनाकडे भरते. सभेत कितीही ठराव करा, ते माफ होत नाहीत. शिवाय माफी मिळते मालकाला. भाड्याच्या दुकानात शिलाई मशीन टाकून बसलेल्याचं भाडं त्याने एक रुपयाही उतरत नाही, आणि चार इमारती असलेल्याला सगळ्यात मोठी सूट मिळते. फार तर शास्ती, म्हणजे थकलेल्या करावरचा दंड, थांबवा. महिन्याला २ टक्के म्हणजे वर्षाला २४. लहान मालमत्ताधारकाला मूळ करापेक्षा तीच जास्त छळते.

चावडी
बाजार फीचंही तेच. बाजार भरलाच नाही तर पावती फाडणार कोण? जी वसूलच होत नाही तिची माफी कसली? माफी द्यायची तर बाजार पुन्हा सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांची द्या. आणि आणखी एक अडचण आहे: बऱ्याच ठिकाणी ही वसुली वर्षाच्या लिलावाने ठेकेदाराकडे असते. फी माफ केली की ठेक्याच्या रकमेत तो तेवढी सूट मागणार, आणि करारात साथीचं कलम नसेल तर प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळणार. म्हणून लिलावाच्या अटींतच लिहायला हवं: शासकीय आदेशाने बाजार बंद राहिला तर तेवढ्या दिवसांची रक्कम आपोआप वजा.

माझं मत रोख मदतीकडे आहे. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम कामगार आणि घरेलू कामगारांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. रक्कम तुटपुंजी होती, पण ती फेडायची नव्हती.

हिशेबनीस
रोख चांगलीच, पण ती मिळाली नोंद असलेल्यांना. रिक्षाचे पैसे परवानाधारकाला. दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवणाऱ्याला काय? फेरीवाल्यांचं तर विचारूच नका. गाळ्यांचं भाडं मात्र यादीवाचून सोडता येतं, तेवढं तरी लगेच करा. २५ मार्च ते ४ जून २०२० असे ७२ दिवस पूर्ण माफी, आणि ५ जूनपासून सम-विषम तारखांना दुकानं उघडली तेव्हापासून निम्मं भाडं.

उंबरठा
इथे तुमचा हिशेब कमी पडतो. सम-विषमची परवानगी रस्त्यालगतच्या दुकानांना होती. राज्याच्या आदेशात मॉल आणि व्यापारी संकुलं वगळलेली होती, ती ५ ऑगस्टपासून उघडली. पालिकेचे गाळे बहुतेक संकुलांतच असतात. म्हणजे २५ मार्च ते ४ ऑगस्ट, १३३ दिवस. ३,००० रुपये भाड्याच्या गाळ्याला पूर्ण माफी ७,२०० ऐवजी १३,३०० रुपयांची द्यावी लागेल. माफीचा ठराव करताना शटर कुठल्या आदेशाने बंद होतं तो आदेश क्रमांकासह जोडावा, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि दोन वर्षांनी थकबाकीची नोटीस येते.

तिजोरी
सगळे सोडायलाच निघालात, भरायचं कोणी? साथीत पालिकेचा खर्च वाढतो: हायपोक्लोराइट फवारणी, विलगीकरण केंद्रातलं जेवण, कंत्राटी सफाई कामगारांचा पगार, पाणी उपसणाऱ्या पंपांचं वीजबिल. वरून मदत येईल म्हणाल, तर ४ मे २०२० ला राज्याच्याच वित्त विभागाने विकासकामांचा निधी ३३ टक्क्यांवर आणला. महापालिकांना निदान जीएसटीची भरपाई दरमहा मिळते. लहान नगरपरिषदेचं गाळाभाडं बुडालं तर आधी सफाईचा ठेका रखडतो. साथीत कचरा न उचलणं हा रहिवाशांवरचा अन्यायच. म्हणून माफीऐवजी बिनव्याजी स्थगिती द्यावी आणि थकलेलं भाडं २४ हप्त्यांत घ्यावं.

चावडी
स्थगिती म्हणजे पुन्हा कर्जच, फक्त सावकार पालिका. दरवर्षी अंदाजपत्रकात गाळाभाड्याच्या उत्पन्नाचे ५ टक्के वेगळ्या निधीत टाकले तर पाच-सहा वर्षांत तीन महिन्यांच्या माफीची सोय होते. हा निधी दुसऱ्या कामाला वळवता येणार नाही अशी अट मात्र पहिल्याच ठरावात हवी.

आता फेरीवाल्यांच्या यादीचं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, हे बंधनकारक आहे. सर्वेक्षण सकाळी ११ ला केलं तर पहाटेची भाजीवाली आणि संध्याकाळची भुर्जीची गाडी दोन्ही सुटतात. तीन वेळा फिरायला हवं: पहाटे, दुपारी, रात्री ८ नंतर. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी वेगळं.

तिजोरी
आठवडी बाजारातला विक्रेता चार गावं फिरतो. चारही पालिकांनी नोंदवला तर चार वेळा रोख?

चावडी
ओळखपत्र देताना आधार तपासलं की दुबार नाव तिथेच सापडतं. तोवर बाजार फीच्या पावतीवर नाव आणि मोबाईल क्रमांक लिहायला सुरुवात करा. आज त्यावर फक्त रक्कम आणि तारीख असते, त्यामुळे दहा वर्षं फी भरलेल्याकडेही आपण विक्रेता असल्याचा पुरावा नसतो.