शब्दचर्चा : 'एअरबोर्न'ला मराठीत काय म्हणावं?

कोरांटी : कोविड हवेतून पसरतो की नाही, या तेव्हाच्या वैज्ञानिक वादावरचा लेख मराठीत करतेय. लेखभर 'एअरबोर्न' आहे आणि तिथेच गाडी अडलीय. वर्तमानपत्रांत वायुजन्य, हवाजन्य, हवेतून पसरणारा, सगळंच सापडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी कोविड 'एअरबोर्न' नाही, असं ठासून ट्वीट केलं होतं. त्याचं 'कोविड हवेतून पसरत नाही' असं केलं, तर वाचक म्हणेल, शिंकेतले थेंब काय जमिनीखालून येतात?

पाटपाणी : 'जन्य' म्हणजे पासून उपजलेलं. हिवताप डासातून उपजत नाही, डास नुसता वाहक. तरी 'कीटकजन्य आजार' आता सरकारी फलकांवर पक्का बसलाय, तिथे भांडून उपयोग नाही. 'वायुजन्य' मात्र टाळाच. एक तर हवा नासली की रोग उपजतो, ही युरोपातली जुनी समजूत त्यातून डोकावते ('मलेरिया' म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवाच). दुसरं, वायुजन्य विकार म्हटल्यावर आमचे काका आधी ओव्याची डबी शोधतील.

जुना कंपाउंडर : ओव्याचं पटलं. पण ताई, तुमचा प्रश्न नुसत्या प्रतिशब्दाचा नाही. दोन्ही बाजू एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होत्या. रुग्णालयाच्या भाषेत 'एअरबोर्न' हा ठरलेला वर्ग आहे : गोवर, कांजिण्या, क्षयरोग. त्या वर्गात आजार गेला की रुग्णाला वेगळी खोली, कर्मचाऱ्यांना एन-९५. हवेचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र तो साधा शब्द : कण हवेत तरंगतो आणि श्वासावाटे आत जातो.

डॉक्टर मंडळींचा हट्ट उगाच नव्हता. नासक्या हवेची समजूत मोडायला पिढ्या गेल्या होत्या. १९१० मध्ये अमेरिकेतले आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी संसर्ग मुख्यतः जवळच्या संपर्कातून होतो, अशी मांडणी केली. ती इतकी रुजली की पुढे हवेचं नाव काढणाऱ्यालाच पुरावे मागितले जाऊ लागले.

आणि तो ५ मायक्रॉनचा आकडा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग)! त्याहून मोठा तो थेंब, लगेच पडणार. लहान तो तरंगणार, असं पाठ्यपुस्तकांत होतं. प्रत्यक्षात स्थिर हवेत दीड मीटरवरून ५ मायक्रॉनचा कण खाली यायला अर्धा तास लागतो. पाच सेकंदांत पडतो तो १०० मायक्रॉनचा. अमेरिकी अभियंते विल्यम वेल्स यांनी १९३० च्या दशकात सीमारेषा १०० च्या आसपासच दाखवली होती. ५ हा आकडा क्षयरोगाच्या अभ्यासातला : फुप्फुसात खोलवर पोचणाऱ्या कणांचा. दोन्हींची सरमिसळ झाली. हवेतल्या कणांच्या अभ्यासक लिन्सी मार आणि त्यांच्या सहकारी केटी रँडल यांच्या गटाने हा गुंता कोविडच्या काळात उकलला.

कोरांटी : लेखात वॉशिंग्टन राज्यातल्या गायकवृंदाचा प्रसंग आहे, तो याच काळातला ना?

जुना कंपाउंडर : हो, माउंट व्हर्ननचा. १० मार्च २०२० ची तालीम, अडीच तासांची, ६१ जण. दारात सॅनिटायझर ठेवलेलं, मिठ्या मारणं टाळलेलं. तरी ५३ जण आजारी पडले, दोघं दगावले. जुलैत लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन या शास्त्रज्ञांचं पत्र आलं, कोविड हवेतूनही पसरतो याची दखल घ्या म्हणणारं, २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याचं. संघटना लगेच शक्यता मान्य करू लागली, पण स्पष्ट शब्द वापरायला २०२१ उजाडलं. तोवर लोक भाजी धूत बसले आणि खिडक्या बंदच.

पाटपाणी : मग ट्वीटमध्ये 'एअरबोर्न' तसाच ठेवा, अवतरणात, पुढे एका वाक्यात वैद्यकीय अर्थ द्या. बाकी लेखात 'हवेतून पसरणारा'. 'ड्रॉपलेट'ला मी 'थेंब' म्हणेन. 'तुषार'ने घोळ होतो. शेतकऱ्याला विचारा, तुषार सिंचनाचं पाणी जमिनीवर पडतं, पण शहरी वाचकाला तुषार म्हणजे धुक्यासारखं काहीतरी वाटतं. एरोसोलला 'तरंगते सूक्ष्मकण'.

जुना कंपाउंडर : 'थेंब'ला माझं अर्धंच अनुमोदन. एप्रिल २०२४ मध्ये संघटनेनेच नवी परिभाषा सुचवली : आकारावरून थेंब-एरोसोल अशी फाळणी नको, सगळ्यांना मिळून संसर्गकारी श्वसनकण म्हणा. मग ते श्वासावाटे आत गेले की थेट तोंडा-नाकावर, डोळ्यांत येऊन बसले, एवढाच भेद. २०२० चा वाद सांगताना जुने शब्द हवेत, २०२४ सांगताना नवे.

कोरांटी : असं केलंय : 'कोविड "एअरबोर्न" नाही, असं संघटनेने जाहीर केलं, म्हणजे गोवर किंवा क्षयाप्रमाणे तरंगत्या कणांमधून त्याचं संक्रमण होत नाही, असं तिला म्हणायचं होतं.'

पाटपाणी : 'त्याचं संक्रमण' काढा, 'त्याची लागण' करा. संक्रमण तिळगुळाला राहू दे.